दारामागचा व्हॉल्व्ह

बाबा आमच्या नेहरू नगरच्या घरी आले की पाणी प्यायच्याही आधी स्वयंपाकघराच्या दारामागे जातात. तिथे भिंतीला पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आहे. तो ते एकदा पूर्ण बंद करतात, एकदा पूर्ण उघडतात, खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली काढून दोन थेंब सोडतात, हात पुसतात आणि मग म्हणतात, "हं, आता चहा टाक." भोपाळच्या दुसऱ्या टोकाहून, पिपलानीहून, दोन बस बदलून यायचं आणि पहिली भेट घ्यायची ती व्हॉल्व्हची. मुलीचा नंबर नंतर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हे चाललंय. माझा नवरा याला सासरेबुवांची पूजा म्हणतो. मी म्हणायचे, सगळी नोकरी कारखान्याच्या दुरुस्ती विभागात गेली, आता म्हातारपणी हाताला काहीतरी चाळा हवा.

एवढ्या कारणावर माझं समाधान झालं होतं. माणसं काय करतात आणि का करतात हे शोधण्याचा मी पगार घेते, तरीसुद्धा.

माझं ऑफिस महाराणा प्रताप नगरात, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. आम्ही मोबाइल गेमच्या जाहिराती बनवतो. गेम नाही, फक्त जाहिराती. हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे दिवसभर गेम खेळायचा पगार?" या प्रश्नाला उत्तर देणं मी सोडून दिलंय. तुम्ही आमची जाहिरात नक्की पाहिली असणार. तुम्ही मोबाइलवर भलतंच काहीतरी बघत असता, मध्येच एक घर येतं. घरात पाणी शिरतंय, एक बाई रडतेय, खाली तीन वस्तू मांडलेल्या: फडका, पाना, हातोडा. कुणाचं तरी बोट येतं आणि त्यातली सगळ्यात मूर्ख वस्तू उचलतं. घर बुडतं. तुम्ही चिडता, "अरे, पाना घे ना!" त्या चिडण्यावर आमचं पोट चालतं. चिडलेला माणूस गेम उतरवून घेतो, कारण त्याला सिद्ध करायचं असतं की मला येतं. आत गेल्यावर ना घर असतं ना पाणी. तीन वांगी जुळवा, तीन कारली जुळवा, टाळ्या. तोवर तो दहा पातळ्या खेळून मोकळा झालेला असतो आणि बाई कुठे गेली हे विसरलेला असतो.

आमचा टीमप्रमुख माझ्याहून पुष्कळ लहान आहे आणि पक्का भोपाळी. पहिल्याच आठवड्यात त्याने मला धंद्याचं मर्म सांगितलं होतं. "मॅडम, लोग जीतने थोड़ी आते हैं। दूसरे की गलती देखी नहीं जाती, इसलिए आते हैं।" खालचे कोचिंगवाले आणि आम्ही एकाच जिन्याने चढउतार करतो आणि मला तर आमचा धंदाही एकच वाटतो. तुला येत नाही, असं माणसाला नीट पटवून द्यायचं, की तो आपणहून आत येतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे असाच एक भाज्या जुळवायचा गेम आला. सोबत परदेशी जाहिरात होती. बर्फात कुडकुडणारी आई, कडेवर मूल, विझलेली शेकोटी. भोपाळमध्ये मे महिन्यात कूलरसमोर बसलेल्या माणसाला तिचं काय वाटणार? जाहिरात पडली. टीमप्रमुख म्हणाला, "कुछ देसी सोचिए। घर का।"

मी घरचं सोचलं. अगदी आमच्याच घरचं.

मी सहावीत होते. पिपलानीतलं कारखान्याचं क्वार्टर, थंडीचे दिवस, दुपारी पाणी यायची वेळ. आईला ताप होता. ती गोळी घेऊन आतल्या खोलीत गाढ झोपली होती. मी कळशी लावली आणि नळ उघडायला गेले, तर तोटीच हातात आली. पाणी समोरच्या भिंतीवर जाऊन आदळलं. मी आधी तळहाताने दाबून पाहिलं. मग फडका कोंबला. मग काय सुचलं देव जाणे, खलबत्त्यातला बत्ता घेतला, तोटी परत जागेवर धरली आणि वरून ठोकायला लागले. ठोकता ठोकता पाइपचं तोंडच तुटलं. पिठाचा डबा उघडा होता, त्याचा चिखल झाला. तांदळाची पिशवी भिजली. पाणी उंबरा ओलांडून बाहेर गेलं. तेवढ्यात पहिली पाळी संपवून बाबा आले आणि त्यांच्याच बसने आलेले शेजारीही आले. आमच्या रांगेत सगळे बाबांच्याच विभागातले, त्यामुळे दारात पाच-सहा दुरुस्तीवाले उभे होते. बाबा खांद्यावरच्या हत्यारांच्या पिशवीसकट सरळ दारामागे गेले आणि वाकले. थोडा वेळ मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. मग पाणी थांबलं.

ते वळले आणि ओरडले. "दारामागे व्हॉल्व्ह आहे. तो बंद करायचा. एवढंही कळत नाही?"

बाबा कधी ओरडत नसत. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. म्हणूनच ते वाक्य माझ्यात जसंच्या तसं राहिलं, आवाजासकट. दारातलं कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या उजव्या तळहाताला जाड पट्टी होती. कारखान्यात लागलं म्हणाले. घरात त्या दुपारबद्दल पुन्हा कोणी काही बोललं नाही, पण मी हत्याराला हात लावायचं सोडलं ते सोडलंच. आजही गॅसची टाकी बदलायची असली तर मी नवऱ्याला हाक मारते. स्क्रू ढिला झालेली खुर्ची महिनोन् महिने तशीच वापरते. "मला नाही येत बाई," हे मी इतक्या झटकन म्हणते, की माझ्या मुलीने एकदा विचारलं, "आई, तू करून तरी बघितलंस का?"

तर ती दुपार मी टीमला विकली. चित्रं काढणाऱ्या मुलीला कागदावर सगळं रेखाटून दिलं. दोन वेण्यांची मुलगी. हिरव्या रंगाची फळी, तिच्यावर डबे. तुटलेला नळ. अर्धवट उघडं दार आणि त्यामागे चकचकीत व्हॉल्व्ह, बघणाऱ्याला दिसेल आणि मुलीला दिसणार नाही असा. खाली तीन वस्तू. बोट येतं, बत्ता उचलतं, मुलगी नळावर ठोकते, पाणी वर चढतं, फळीवरचं मांजर डब्यासकट वाहून जातं. शेवटी काळ्या पडद्यावर एक ओळ. महाराष्ट्रासाठी मराठीत, "एवढंही कळत नाही?" आणि इकडे हिंदीत, "इतना भी नहीं आता?" ओळ लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

जाहिरात तुफान चालली. ऑफिसात माझं कौतुक झालं. टीमप्रमुखाने विचारलं, "मॅडम, ये व्हॉल्व्हवाला आयडिया कहाँ से आया?" मी म्हटलं, "बस, आ गया." मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? शिवाय थोडी लाजही वाटत होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पावसाळा संपता संपता आईचा फोन आला. "तुझे बाबा बिघडले."

"काय झालं?"

"दिवसभर मोबाइलवर कारली जुळवून राहिले. जेवायला हाक मारली तर म्हणतात, थांब, एवढी पातळी होऊ दे."

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा आईबाबांनी पिपलानीच्या कडेलाच छोटं घर घेतलं. मी रविवारी तिथे गेले. बाबा दाराबाहेरच्या ओट्यावर, चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाला लागेल इतका जवळ. मी वाकून पडदा पाहिला आणि गारच झाले. आमचाच गेम. शहाण्णवावी पातळी.

"हे कुठून आणलं तुम्ही?"

उत्तर आईने दिलं. "मिक्सर दुरुस्त करायचा व्हिडिओ बघत होते. मध्येच ती जाहिरात आली. तर हे एकदम ताठ बसले. मग ती जाहिरात परत यावी म्हणून मिक्सरचा व्हिडिओ चारदा लावला. मिक्सर अजून तसाच आहे."

बाबांनी मान वर केली. "यात ती पोरगी कधी येते गं?"

"कोणती पोरगी?" मी विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"जाहिरातीतली. घरात पाणी शिरते ती."

"ती येत नाही, बाबा. जाहिरातीत दाखवतात ते गेममध्ये नसतं."

"असं कसं? दाखवलं म्हणजे असणार. शंभराच्या पुढे येत असेल." मग त्यांनी विचारलं, "हे तुमच्यासारख्या ऑफिसात बनवतात का?"

"नाही. बाहेरून येतात."

"हं," बाबा म्हणाले आणि तीन कारली जुळवली. टाळ्या वाजल्या.

खोटं माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं होतं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत स्वतःला शिव्या घालत होते. माझ्या बापाने आयुष्यात माझ्यावर ओरडून म्हटलेलं ते एकच वाक्य, आणि ते मी बाजारात मांडलं होतं. ज्याने मला सायकल शिकवली, दहावीच्या परीक्षेला रोज स्कूटरवरून सोडलं, त्या माणसाचं मी नेमकं तेवढंच जपून ठेवलं आणि जगाला दाखवलं. त्यांना ओळ ओळखू आली असेल का? आली असेल तर ते काय समजतील? मुलीने तीस वर्षं मनात धरून ठेवलं आणि आता सूड उगवला, असंच ना?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेहमीचा तक्ता समोर होता. गेम कुणी उतरवला, कुठून आला, किती खेळला. कारणांचे रकाने चारच. जाहिरात बघून, मित्राने सांगितलं म्हणून, शोधून, इतर. त्यात कुठेतरी माझे बाबा होते, 'जाहिरात बघून' या रकान्यात, साठीच्या पुढचे पुरुष. त्यांच्यामागोमाग संध्याकाळी बागेत त्यांच्याशेजारी बसणारे चार निवृत्त काकाही आले होते, कारण आईच्या म्हणण्याप्रमाणे बाबांनी प्रत्येकाला विचारलं होतं, तुझ्याकडे ती पोरगी आली का? त्या काकांचा रकाना 'मित्राने सांगितलं म्हणून'. टीमप्रमुख खूश होता. "देखा? बुज़ुर्ग भी आ रहे हैं।" मी तक्त्याकडे बघत बसले. त्यात सगळं होतं आणि बाबा ताठ का बसले, तेवढंच नव्हतं.

पुढचे तीन रविवार मी पिपलानीला गेले नाही. एकदा मुलीची परीक्षा, एकदा पाहुणे, एकदा डोकं दुखतंय. आईला फोनवर विचारायचे, "बाबा कसे आहेत?" आणि ऐकायचे, "एकशे चाळीस." चौथ्या रविवारी मी ठरवलं की आता जाऊन सांगून टाकायचं. तर सकाळीच बेल वाजली. दारात आईबाबाच.

बाबांनी चपला काढल्या आणि नेहमीप्रमाणे दारामागे गेले. बंद केला, उघडला, दोन थेंब तेल. आई दोन बसच्या धुळीने वैतागली होती, ती हातपाय धुवायला न्हाणीत गेली. नवरा आणि मुलगी भाजी आणायला बाहेर गेले होते. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. चहाचं आधण ठेवायचं सोडून मी तिथेच उभी राहिले आणि बाबांच्या पाठीला सांगितलं, "बाबा, ती जाहिरात मी बनवली. मी तुमच्याशी खोटं बोलले."

ते वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्यांदा बघितली तेव्हापासूनच. हातात बत्ता होता ना तिच्या. बाहेरचे लोक बत्ता कुठून आणतील? अन् फळीचा तो हिरवा रंग मीच कारखान्यातून उरलेला आणला होता. तसा रंग भोपाळमध्ये दुसऱ्या कोणाच्या स्वयंपाकघरात नव्हता."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस बाहेरून येतात. म्हटलं, तुला बोलायचं नसेल."

मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला. "मग ती कारली कशाला जुळवत बसलात इतके दिवस? मी सांगितलं होतं ना, ती मुलगी त्यात नाही म्हणून!"

बाबा तेलाच्या बाटलीचं झाकण लावत होते. ते नीट बसेना. "मला वाटलं, पुढे तिच्या घरी कोणी येत असेल."

"कोण?"

"तिचा बाप. आला तर तो काय म्हणते, ते बघायचं होतं."

बाबांनी झाकण ओट्यावर ठेवलं आणि उजवा तळहात माझ्यासमोर धरला. अंगठ्याच्या खाली एक जुना, पांढरट, आडवा व्रण. मी तो हजारदा पाहिला असेल.

"कारखान्यात लागलं होतं," मी म्हटलं.

"कारखान्यात नाही. तो व्हॉल्व्ह जाम होता, बेटा. महिन्याभरापासून जाम होता. तुझी आई रोज म्हणायची, बघा जरा, फिरत नाही. मी म्हणायचो, बघतो. क्वार्टरच्या तक्रारींच्या वहीत लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी आमच्याच विभागातला कोणी आला असता. पण दुरुस्तीवाल्याने स्वतःच्या क्वार्टरचा नंबर वहीत लिहायचा? वर्षभर चिडवलं असतं सगळ्यांनी. त्या दिवशी तो मी मोठ्या पान्याने फिरवला, अंगातला सगळा जोर लावून. तेव्हा पाना सटकला अन् हात फाटला. तू काय फिरवणार होतीस? तुला माहीत असतं तरी तुझ्याने फिरला नसता."

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"दारात सगळे उभे होते ना. दुरुस्तीवाल्याच्या घरचा व्हॉल्व्ह जाम, हे कोणत्या तोंडाने सांगू? तुझ्यावर ओरडून मोकळा झालो." त्यांनी व्रणावरून अंगठा फिरवला. "तुला रात्री सांगणार होतो. मग उद्या सांगू म्हटलं. मग राहूनच गेलं. तू विसरलीस असं वाटलं मला. जाहिरातीत ते वाक्य वाचलं, हिंदीत का होईना, तेव्हा कळलं, नाही विसरली."

माझा जीव भांड्यात पडला, इतक्या जोरात की मी ओट्याला टेकून हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. तीस वर्षं! तीस वर्षं मी गॅसची टाकी बदलली नाही. बाबाही हसू लागले, आधी घाबरत, मग मोकळेपणाने. त्यांनाही किती हलकं वाटत असेल ते त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

"ती ओळ काढून टाकते जाहिरातीतून," मी नाक पुसत म्हटलं.

"कशाला? चालून राहिली ना? असू दे. तो व्हॉल्व्ह फक्त गंजलेला दाखव. इतका चकचकीत नको. लोक उगीच पोरीला नावं ठेवतात."

मग त्यांना काहीतरी आठवलं. ते दारापासून बाजूला झाले आणि हाताने दाखवलं. "ये. बंद करून बघ."

"मला नाही..." मी सवयीने म्हणायला लागले आणि थांबले.

दारामागे वाकले. या घरात मी सोळा वर्षं राहते आणि त्या व्हॉल्व्हला कधी हात लावला नव्हता. मला वाटलं होतं जोर लागेल. दोन बोटांनी फिरला. लोण्यासारखा. सोळा वर्षांचं तेल होतं त्यात, दर खेपेचे दोन थेंब. आता कुठे मला कळलं की ते कुणासाठी होते.

न्हाणीतून आई ओरडली, "अगं, पाणी कुठे गेलं? तोंडाला साबण आहे माझ्या! कोणी बंद केलं?"

"हिने केलं!" बाबा ओरडले. दुसऱ्यांदा आयुष्यात माझ्यासाठी त्यांचा आवाज चढला. समोरच्या घराची खिडकी उघडली, काकू डोकावल्या, तरी बाबांनी आवाज खाली केला नाही. "तिला येतं!"

मी व्हॉल्व्ह परत उघडला आणि चहा टाकला.